चटईवरची चार मिनिटे

आमच्या इंदुरात तालमींची परंपरा जुनी आहे. 'चितपट' या शब्दाचा अर्थ येथील पोराला पाढे पाठ होण्याच्या आधीच कळलेला असतो. मात्र त्या तालमींच्या दारातून आत जाणारी मुलगी माझ्या बालपणी मी कधी पाहिली नाही. आज काळ बदलला आहे; तरीही मुलींच्या खेळांचा विषय पालकसभेत निघाला, की एखादे गृहस्थ हळूच विचारतात, "सर, मुलीला याचा पुढे उपयोग काय?" त्यांना मी मिरियम ब्लास्को या स्पॅनिश ज्युदोपटूची हकिगत सांगतो. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्युदो ही जपानी कुस्ती. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत तिचा पाया घातला. 'ज्यु' म्हणजे मृदुता आणि 'दो' म्हणजे मार्ग. प्रतिस्पर्ध्याच्या बळाला बळाने न भिडता त्याचा तोल त्याच्याच जोराने ढळवावयाचा, हे या विद्येचे मर्म. प्रतिस्पर्ध्याला वेगाने आणि जोराने सपशेल पाठीवर आपटले, की 'इप्पोन' होतो आणि लढत तेथेच संपते. आपल्या चितपटीचे हे सख्खे भावंडच म्हणावे.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रवेश झाला, पण तो केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांची वाट फार लांबची होती. रस्टी कानोकोगी या अमेरिकन स्त्रीने १९५९ साली पुरुषवेशात एका स्पर्धेत भाग घेतला. तिच्या संघाने विजय मिळविला; परंतु ती स्त्री आहे हे उघड होताच तिला पदक परत करावे लागले. याच बाईने पुढे स्वतःचे घर गहाण टाकून १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरविली. १९८८ साली सोल येथे स्त्रियांचे ज्युदो केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखविण्यात आले, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते पदकांसह रीतसर दाखल झाले.

मिरियमचा जन्म १९६३ च्या डिसेंबरात, व्हायादोलिद या शहरी. तो काळ जनरल फ्रँकोच्या राजवटीचा. विवाहित स्त्रीला अनेक व्यवहारांत पतीची कायदेशीर परवानगी लागे. ती अट १९७५ साली रद्द झाली. स्त्रीचे स्थान घरातच, असे मानणाऱ्या त्या समाजात वाढलेल्या मुलीने झोंबी घेण्याचा खेळ पत्करला, यातच तिच्या स्वभावाची ओळख पटते. भूमध्य समुद्राच्या काठी असलेल्या आलिकान्ते येथे सेर्खिओ कार्देल या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिची विद्या आकाराला आली. १९८९ च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. १९९१ साली ती युरोपची विजेती ठरली, आणि त्याच वर्षी बार्सिलोनातच झालेल्या स्पर्धेत जगज्जेतीही झाली. पुढील वर्षी त्याच नगरीत ऑलिंपिक व्हावयाचे होते. साऱ्या स्पेनची दृष्टी तिच्याकडे लागली.

आणि नेमक्या अशा वेळी घाला पडला. ऑलिंपिकला अवघे काही आठवडे उरले असता मोटारसायकलच्या अपघातात कार्देल यांचे निधन झाले. ज्याने डाव शिकविले, चुका दाखविल्या, पडल्यावर उठविले, तो आधारच एकाएकी नाहीसा झाला. गुरू गमावल्याचे दुःख काय असते, हे वाचकांना मी निराळे सांगावयास नको. तिने माघार घेतली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण ती चटईवर उतरली. गुरूने दिलेली विद्या पणाला लावणे, हीच कदाचित तिला सुचलेली श्रद्धांजली असावी.

३१ जुलै १९९२. ५६ किलो वजनगटाची अंतिम लढत. समोर होती ब्रिटनची निकोला फेअरब्रदर. त्या काळी दोघींचाही पोशाख पांढराच असे; ओळखण्यासाठी एकीला तांबडा पट्टा आणि दुसरीला पांढरा. स्त्रियांच्या लढतीची मुदत चार मिनिटांची. ती चार मिनिटे सरली तेव्हा मिरियम विजयी झाली होती. उन्हाळी असो वा हिवाळी, ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्यापूर्वी एकाही स्पॅनिश स्त्रीला मिळाले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ५२ किलो गटात अल्मुदेना मुन्योस हिने जपानच्या नोरिको मिझोगुची हिला नमवून दुसरे सुवर्ण आणले. त्या ऑलिंपिकमध्ये स्पेनला एकूण १३ सुवर्णपदके मिळाली.

दिवा एकदा लागला, की त्यावरून दुसरा लावता येतो. आलिकान्तेचीच इसाबेल फर्नांदेस हिने १९९६ साली अटलांटा येथे कांस्य, तर २००० साली सिडनीत क्यूबाच्या द्रिऊलिस गोन्सालेस हिला हरवून सुवर्ण मिळविले. २००४ मध्ये अथेन्स येथे उद्घाटनाच्या संचलनात स्पेनचा ध्वज तिच्याच हाती होता. मिरियम स्वतः २००० साली आलिकान्तेतून स्पेनच्या सिनेटवर निवडून गेली.

आणि निकोला? बार्सिलोनात हरलेली ही मुलगी खचली नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, ती जगज्जेती झाली. अंतिम लढतीत एकमेकींचा तोल ढळवू पाहणाऱ्या या दोघींची पुढे मैत्री जुळली, मैत्रीतून प्रेम उपजले आणि त्या विवाहबद्ध झाल्या. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना हे वाचून नवल वाटेल. मला मात्र ज्युदोतील एक रीत आठवते. लढतीच्या आरंभी आणि अखेरीस दोघेही प्रतिस्पर्धी एकमेकांना वाकून नमस्कार करतात. समोरचा नसेल तर आपली विद्या पारखणार कोण, हा त्या नमस्काराचा अर्थ.

ज्युदोच्या विद्यार्थ्याला पहिला धडा फेकण्याचा नसतो. अंगाला इजा न होता पडावे कसे आणि पुन्हा उठावे कसे, हे त्याला आधी शिकवितात. पालकसभेतील त्या गृहस्थांना मी एवढेच सांगतो, की आपल्या मुलीला पदक मिळेल की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु आयुष्यात पडण्याचे प्रसंग तिलाही येणारच आहेत. तेव्हा आपण जवळ असूच, असे नाही.