कॅसेट पुसली कोणी?

गेल्या वर्षी मे महिन्यात लेकीकडे लंडनला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या डहाणूच्या घरात बॅगा भरण्यापेक्षा जास्त चर्चा झाली ती एका चपट्या डबीवर. डबी म्हणजे हार्ड डिस्क. आकाराने पत्त्यांच्या कॅटाएवढी. ती विमानतळावरच्या तपासणीतून न्यायची कशी, हा प्रश्न होता.

तिच्यात काय होतं ते आधी सांगतो. १९९३ ते १९९७ ही चार वर्षं मी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होतो. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. शाळेतल्या मुलांच्या घरी लग्न असलं की आमंत्रण यायचं, आणि मी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून जायचा. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. 'काढतात' हा आपला शब्द. वारली बाया चौक 'लिहितात'. चौक लिहिला जात असताना एक धवलेरी आजी ज्या आवाजात गायची, तो आवाज मी साठ मिनिटांच्या चौदा कॅसेटींत जमेल तसा धरला होता. भातकापणीच्या दिवसांतला तारपाही त्यात होता. आजी २००९ साली गेली. अलीकडे गावातल्या एका मुलाने त्या कॅसेटी संगणकावर उतरवून डिस्कमध्ये भरून दिल्या. जावयाच्या ओळखीचा एक जण जुन्या आवाजातली खरखर काढून देतो, म्हणून ती डिस्क आणि मूळ कॅसेटी दोन्ही न्यायच्या होत्या.

बातमी आळीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे चिकूवाले म्हणाले, "गुरुजी, त्या यंत्रातून गेली की सगळी गाणी साफ!" एकाने डबी स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळायला सांगितली. तिसऱ्याचं म्हणणं, सरळ पोस्टाने पाठवा. सौभाग्यवती म्हणाल्या, "नेऊच नका." मला स्वतःलाही धाकधूक होतीच. १९९० नंतरच्या त्या वर्षांत फ्लॉपी खिशात घालून विमानतळावर हाताने तपासा म्हणून विनवण्या करणारे लोक मी ऐकून होतो.

मग वाचलं, विचारलं. गोष्ट निघाली साधी. क्ष-किरण हा प्रकाशाचाच भाऊबंद. फोटोची फिल्म प्रकाश पकडण्यासाठीच बनवलेली, म्हणून तिच्यावर तो धुरकट डाग पाडतो, आणि चेक-इन सामानाच्या जोरदार यंत्रात तर हमखास. हल्ली काही विमानतळांवर हातातल्या बॅगांनाही सीटी स्कॅनसारखी यंत्रं आली आहेत. न धुतलेली फिल्म त्यांच्यापासून जपावी. पण कॅसेटीतली गाणी असतात चुंबकाच्या कणांत. हार्ड डिस्कचंही तेच. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात अगदी बारीक विद्युतभार साठवलेला असतो. हातातल्या बॅगेवर पडणारे थोडेसे क्ष-किरण यांतल्या कशालाही धक्का लावत नाहीत. धातू शोधणाऱ्या चौकटीचं चुंबकक्षेत्रही क्षीण असतं. कॅसेटीला त्याहून जास्त भीती आपल्या दिवाणखान्यातल्या स्पीकरची, कारण त्यात खराखुरा जाडजूड चुंबक बसलेला असतो.

फॉइलचा सल्ला तर उलटाच. तपासणीच्या पडद्यावर काही दिसेनासं झालं की जवान बॅग उघडणारच. आणि पोस्टाचं म्हणाल, तर अमेरिकेत २००१ साली अँथ्रॅक्सची पाकिटं सापडल्यावर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांचं टपाल किरणांनी निर्जंतुक करू लागले. ती मात्रा एवढी जबर, की कागद पिवळे आणि ठिसूळ पडले. फिल्म आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची तर बातच नको. मात्रेचा फरक हा असा असतो.

डिस्क मोठ्या बॅगेत टाकू नये, एवढं मात्र पक्कं. ती बॅग आपटते आणि कधी कधी भलत्याच देशी जाते. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, दोहा, अबूधाबी धरून दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप हातात न्यायला बंदी केली होती. जुलैपर्यंत ती उठली, पण तोवर त्या वाटेने जाणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी लॅपटॉप नाइलाजाने खाली सोडले. पॉवर बँकेचं नेमकं उलट. तिची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती चेक-इन सामानात चालतच नाही, हातातच ठेवायची.

लेकीने फोनवर आणखी एक बजावलं. ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली विमानतळावर उतारूला थांबवून त्याच्याजवळची उपकरणं तपासता येतात. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड मिरांडा या पत्रकाराच्या जोडीदाराला हीथ्रोवर जवळजवळ नऊ तास अडकवून त्याच्या हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून घेतल्या होत्या. स्नोडेनच्या कागदपत्रांचं ते प्रकरण. "बाबा, तुमच्याकडे गाणीच आहेत, पण विचारलं तर नीट सांगा." मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत बसलो. धवलेरीला इंग्रजीत काय म्हणायचं, ते काही जमलं नाही.

चारोटी नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि मुंबईला पोहोचलो. तपासणीच्या रांगेत चौदा कॅसेटी आणि डिस्क ट्रेमध्ये मांडल्या. जवान पोरसवदा होता. त्याने एक कॅसेट उचलून उलटसुलट पाहिली. "बाबाजी, ये क्या है?" त्याने बहुधा कॅसेट पाहिलीच नसावी. "गाने हैं," मी म्हटलं. एका कापडी पट्टीने डिस्क पुसून ती पट्टी त्याने दुसऱ्या यंत्रात घातली. ही तपासणी स्फोटकांच्या कणांसाठी असते. दिवा काही लागला नाही. ट्रे पुढे सरकला. हीथ्रोवर तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या रात्री लेकीच्या संगणकाला डिस्क लावली. चौदाच्या चौदा फाइली उघडल्या. चार आणि पाच नंबरांत आवाज बुडाल्यासारखा येत होता. त्या दोन कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी होती. डहाणूची खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने. मग नऊ नंबर लावली. तीच मला सर्वांत मोलाची. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'धवलेरी, चौकाची गाणी'. अकरा मिनिटं आजी गायली. मग खट्ट असा आवाज झाला, आणि एकदम सिनेमाचं गाणं, त्यात आमच्या पुतण्याचा आवाज: "आता पुढचा कार्यक्रम संगीत खुर्ची!"

आळीचा १९९९ चा गणपती. पुतण्याला कोरी कॅसेट हवी होती, त्याने कपाटातली घेतली. तो तेव्हा बारा वर्षांचा. त्याला काय बोलणार? कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या ढाप्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मला हे ठाऊक होतं. मी मोडल्या नव्हत्या. संगणकावर उतरवल्यावर एकदा तरी नीट ऐकायला हवं होतं, तेही केलं नाही. आणि त्या एका प्रतीसाठी मी महिनाभर क्ष-किरणांना घाबरत होतो!

परतल्यावर ती अकरा मिनिटं पेन ड्राइव्हमध्ये घेऊन तलासरीला आजीच्या पाड्यावर गेलो. तिची नात आता तीन मुलांची आई आहे. मी येणार म्हणून तिने ओटा सारवला होता. तिने ऐकलं. 'खट्ट' आल्यावर मी बंद केलं, तशी ती पुढच्या दोन ओळी गुणगुणली आणि थांबली. "म्होरलं आजीसच ठावं व्हतं, मास्तर," म्हणाली. मग तिने मोबाइल पुढे केला. बाजारातल्या दुकानात त्याच्या कार्डात ती अकरा मिनिटं भरून घेतली. दुकानातल्या मुलाने आपल्या संगणकातही एक प्रत ठेवून घेतली, आणि कुणी मागितली तर देऊ का, म्हणून विचारलं. मी नातीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

घरी येऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो आणि चौदाही कॅसेटींच्या ढाप्या मोडल्या. घरात टेपरेकॉर्डर आता नाही. सौभाग्यवतींनी विचारलं, "आता कशाला?" मी काही बोललो नाही.