युक्तिवादात्मक निबंधातील मध्यवर्ती परिच्छेद : आखणी व लेखन

निबंधाचे आरंभ, मध्य व शेवट असे तीन भाग पाडून शिकविण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ आहे. आरंभ सुभाषिताने आणि शेवट आवाहनाने करावा हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मध्याविषयी मात्र ‘मुद्देसूद लिहावे’ यापलीकडे त्यांना फारसे सांगितले जात नाही. वस्तुतः एखादी भूमिका सिद्ध होते वा कोसळते ती मध्यातच.

‘मुद्दा’ हा शब्दच येथे घोटाळा करतो. ‘मतदान सक्तीचे असावे काय?’ या विषयावर ‘मतदानाचे महत्त्व’, ‘सक्तीचे फायदे’, ‘अडचणी’ असे मुद्दे काढले जातात. ही शीर्षके होत. त्यांच्याशी कोणी असहमत होऊ शकत नाही. ‘सक्तीमुळे मतदानाचे प्रमाण वाढते’ हे विधान होय, कारण त्याला पुरावा मागता येतो. म्हणून आखणीच्या वेळी प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य लिहून घ्यावे व ही वाक्ये तेवढीच सलग वाचून पाहावीत. त्यांचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर हाती यादी आहे, युक्तिवाद नव्हे.

परिच्छेदाच्या अंतर्गत रचनेसाठी न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्य उपयोगी पडते. पर्वतावर अग्नी आहे (प्रतिज्ञा). कारण तेथे धूर आहे (हेतू). जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण). हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे (उपनय). म्हणून तेथे अग्नी आहे (निगमन). उदाहरणातील नियम प्रस्तुत प्रकरणाला लागू पडतो, हे दाखविण्याचे काम उपनयाचे. विद्यार्थ्यांच्या लेखनातून बहुधा नेमका तोच गळतो.

वरील विषयच घेऊ. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली संघीय निवडणुकांसाठी मतदान सक्तीचे केले. १९२२ च्या निवडणुकीत ६० टक्क्यांहून कमी असलेले मतदान १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. आकडे बोलके आहेत. परंतु ‘म्हणून भारतातही सक्ती हवी’ ही उडी आहे. भारतात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सक्तीवाचून ६७ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तेव्हा आरंभबिंदूच निराळा. मतदानाच्या दिवशी ऊसतोडीसाठी गावापासून दूर असलेला मजूर दंडास पात्र ठरावा काय, हाही प्रश्न उरतो. शिवाय या आकड्यांनी सिद्ध होते ती मतदानातील वाढ. मतदाराची जाण वाढल्याचे ते सांगत नाहीत. उपनय लिहू लागताच प्रतिज्ञा आवरती घ्यावी लागते, आणि हाच त्याचा मोठा लाभ. धूर-अग्नीसारखी अव्यभिचारी व्याप्ती सामाजिक प्रश्नांत क्वचितच आढळते. तेथे ‘बहुधा’, ‘अमुक परिस्थितीत’ हे शब्द दुबळेपणाचे नसून प्रामाणिकपणाचे असतात.

पूर्वपक्षाचा परिच्छेद ‘दुसरी बाजू’ म्हणून शेवटी चिकटविला जातो, तोही प्रतिपक्षाचे दुबळे रूप मांडून. मत न देणे हीदेखील अभिव्यक्ती आहे, हा सक्तीविरोधी पक्षाचा सबळ आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर मतदानयंत्रावर ‘नोटा’चा पर्याय आला, त्यामुळे सर्व उमेदवार नाकारण्याची सोय केंद्रावरच आहे, असे उत्तर देता येते. तथापि केंद्रावर जाण्यासच नकार देणाऱ्याचा आक्षेप त्याने पुरता मिटत नाही, हेही तेथेच नोंदवावे.

प्रत्यक्ष लेखनात विधान परिच्छेदाच्या आरंभीच यावे असा दंडक नको. पुराव्यामागून आलेले विधान कधी अधिक पटते. जोडशब्दांकडे मात्र काटेकोर लक्ष हवे. ‘तसेच’ व ‘शिवाय’ भर घालतात. ‘त्यामुळे’ व ‘तथापि’ संबंध सांगतात. पानभर ‘तसेच’च असतील तर आखणीकडे परतणे बरे.

उत्तरपत्रिका तपासताना समासात लिहिला जाणारा ‘विस्तार करा’ हा शेरा विद्यार्थ्याला आणखी उदाहरणांकडे ढकलतो. त्याऐवजी ‘उपनय नाही’ किंवा ‘हे विधान नव्हे, शीर्षक आहे’ असे लिहिल्यास नेमके काय दुरुस्त करावयाचे ते त्याला कळते.