घोड्याचा पैसा, बैलाचा आणा

मुलांनो, डब्यातली सगळी नाणी सतरंजीवर ओता. चांदीचं एकही सापडायचं नाही. मी तिजोरीतली नाणी कधी जमवलीच नाहीत. ही सगळी बाजारहाटात हातोहात फिरलेली.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी पुढची तीन वर्षं आपल्या बाजारात इंग्लंडच्या राजाचं तोंड असलेलीच नाणी चालली. आपली स्वतःची आली १५ ऑगस्ट १९५० रोजी. राजाच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंह बसले. रुपयावरचा वाघ जाऊन तिथे कणसं आली. पण मला विचाराल, तर सगळ्यांत देखणं निघालं ते सगळ्यांत हलक्या किमतीचं नाणं, हा एक पैसा. रुपयाला असे चौसष्ट मिळायचे. त्याच्यावरचा घोडा बघा, केवढ्या ऐटीत आहे! तोही सारनाथचाच. स्तंभावर सिंहांच्या पायाखाली जो पट्टा आहे, त्यावर घोडा, बैल, हत्ती आणि सिंह कोरलेले आहेत. घोडा पैशाला मिळाला, बैल आण्याला.

बंड्या, चिंच ठेव खाली! तुझी आजी तांब्याचा हंडा चिंचेने लख्ख करते, ते बरोबरच आहे. पण पैशाला चिंच लावायची नाही. हा पैसा काशाचा, म्हणजे बहुतेक सगळं तांबंच. हवेतला प्राणवायू तांब्याशी संयोग पावतो आणि वर तपकिरी थर चढतो. ओल लागत राहिली की वर्षानुवर्षांनी हिरवा. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं आणि खालचं तांबं चमकतं. पण तो थर बाहेरून आलेला मळ नव्हे, नाण्याच्याच धातूपासून झालेला असतो. म्हणजे दर घासणीला घोड्याची आयाळ थोडी थोडी जाते.

आता खरी गंमत. चुंबक आण. रुपया चिकटला ना? चिकटणारच, तो शुद्ध निकेलचा आहे. निकेलच्या अणूंमध्ये काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात. तेच इवलेसे लोहचुंबक, आणि ते सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. आता हा बैलाचा आणा घे, नागमोडी कडेचा. रंग अगदी रुपयासारखा, पण चुंबक त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही! याच्यात एक भाग निकेल आणि तीन भाग तांबं आहे. तीन भाग तांबं असूनही लालीचा मागमूस नाही, हे पहिलं नवल. दुसरं याहून मोठं. तांब्याच्या अणूकडे निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. दोघे एकत्र वितळले की तो जादा इलेक्ट्रॉन निकेलच्या रिकाम्या जागा भरतो, जोड्या पुऱ्या होतात आणि चुंबकपणा नाहीसा होतो. दोन आण्यांची चवलीसुद्धा लावून बघ, तीही तशीच.

पुढे १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ मध्ये त्यातला ‘नवा’ गेला. त्याच सुमाराला अॅल्युमिनियम आलं, कारण तांबं आणि निकेल महाग पडू लागलं होतं. हे तीन पैशांचं षट्कोनी नाणं आणि हा चौकोनी एक पैसा. तळहातावर ठेव, आहे-नाही कळायचंही नाही. ग्रॅमसुद्धा भरत नाही हा. अॅल्युमिनियमलाही हवा लागते, तांब्यापेक्षा लवकर लागते. पण त्याच्यावर बसणारा थर अतिशय पातळ, पारदर्शक आणि घट्ट असतो, हवेला आत शिरू देत नाही. ओरखडा पडला तर उघडी पडलेली जागा डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा झाकली जाते. म्हणून पन्नास-साठ वर्षं डब्यात पडूनही हे एकही नाणं गंजलेलं नाही.