पाच बहिणींचा आठवडा

दरवर्षी आषाढाच्या सुमाराला एका शुक्रवारी फोन वाजतो. ‘‘काय गं, या आठवड्यात तुझ्या पाच जणी आल्यात हां!’’ बोलण्याचा हेल अस्सल अलिबागचा. बोलणाऱ्या मावशी मात्र असतात इस्रायलमध्ये, अश्दोदला, मुलाकडे. २०१६ साली त्या इथलं घर बंद करून गेल्या. तोवर तीस वर्षं आमची भिंतीला भिंत होती.

मैत्रिणींनो, मावशी म्हणजे बेने इस्रायली. आपल्या कोकणातले ज्यू. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज असं ते सांगतात. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावं घेतली, मराठी बोलले. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि एकेक घर तिकडे गेलं. अलिबागच्या इस्रायल आळीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं राहिलीत.

मी १९८६ साली लग्न होऊन अलिबागला आले. नव्या नवरीला शेजारचं घर म्हणजे कौतुकच. शुक्रवारी दुपारपासून मावशींची लगबग असायची. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, भात, चपात्या... सगळं दिवस मावळायच्या आत व्हायला हवं. मटणातसुद्धा नारळाचंच दूध, कारण मांसाबरोबर दूधदुभतं त्यांच्यात चालत नाही. मग दिवे लागायचे, काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर आशीर्वाद म्हटला जायचा आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत चूल बंद.

मला हेवाच वाटायचा. एकदा म्हटलंसुद्धा, ‘‘मावशी, तुमची मज्जा आहे. आम्हाला कुठली सुट्टी?’’

त्या हसल्या. ‘‘अगं, देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी थांबला. काम संपलं म्हणून सुट्टी नसते, थांबायचं ठरवलं म्हणून असते.’’

शनिवारी मांडीवर पुस्तक घेऊन त्या ओसरीत बसायच्या. त्यांच्या धर्मग्रंथाचे, म्हणजे तोराचे, चोपन्न भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला पराशा म्हणतात. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये पुढचा भाग वाचायचा, कधी कधी दोन भाग एकत्र, म्हणजे वर्षात सगळा ग्रंथ पुरा होतो. ज्या सणाला शेवटचं पान वाचतात, त्याच दिवशी पुन्हा पहिलं पान उघडायचं. मध्ये एका दिवसाचीही फट नाही. पण सिनेगॉगमध्ये तोराची गुंडाळी काढून वाचायची तर निदान दहा पुरुष हजर लागतात. छोट्या गावात दहा जण जमायचे कुठून? मग मावशी घरीच मराठीतून वाचायच्या. तिकडे मुलगाही साधारण त्याच आठवड्यात तोच भाग ऐकत असणार, याचा त्यांना मोठा आधार वाटे.

‘‘दरवर्षी तेच तेच वाचून कंटाळा नाही येत?’’ मी विचारलं होतं.

‘‘पुस्तक तेच असतं गं. वाचणारी कुठे तीच असते?’’

तेव्हा मला ते बोलणं नुसतंच छान वाटलं. कळलं २०१४ साली.

आदल्या वर्षी बाबा गेले होते. आई त्याआधीच गेलेली. रेवदंड्याच्या बाजूला आमची नारळ-सुपारीची वाडी, आजोबांच्या वेळची. आम्ही तीन भावंडं. वर्षश्राद्ध झालं आणि दादाने कागद पुढे केला. हक्कसोड पत्र. धाकटीची सही आधीच झाली होती. ‘‘इथे सही कर. सगळ्या बहिणी करतात.’’ दादा वाईट नाही हो. बाबांचं दुखणं त्याने आणि वहिनीने काढलं होतं. पण ‘‘करतेस ना?’’ एवढंसुद्धा त्याने विचारलं नाही, ते मला लागलं. मी तो कागद पर्समध्ये घालून घरी आले.

सही केली तर वाडी गेली आणि नाही केली तर माहेर गेलं. आपल्यातल्या किती जणी या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या असतील!

आठवडाभर धड झोप नव्हती. शुक्रवारी दुपारी मावशींकडे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. सही कर म्हणाल्या नाहीत, नको करू असंही म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, ‘‘उद्याचा पराशा पिनहास. ऐक.’’

मोशेच्या, म्हणजे मोझेसच्या, काळातली ही गोष्ट. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात आहेत. पुढे मिळणाऱ्या जमिनीची वाटणी व्हायची आहे, त्यासाठी शिरगणती झालीय. सलाफहाद नावाचा माणूस वारलाय. त्याला मुलगा नाही, पाच मुली आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाचही जणी तंबूच्या दाराशी मोशे, धर्मगुरू, सरदार आणि सगळ्या जमावापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसायचं? त्याच्या भावांबरोबर आम्हालाही वाटा द्या.

‘‘मग मोशे काय म्हणाला?’’

‘‘तेच तर! एवढा मोठा पुढारी, पण ‘असं आपल्यात नसतं’ म्हणाला नाही. मला ठाऊक नाही, देवाला विचारतो, म्हणाला. आणि देव म्हणाला, मुली बरोबर बोलतायत.’’

मावशींनी पुढचंही लपवलं नाही. हा कायदा मुलगा नसेल तेव्हाचाच. आणि काही भाग पुढे जाऊन कुळातले पुरुष तक्रार घेऊन येतात, या मुली बाहेर लग्न करतील तर जमीन जाईल. म्हणून त्यांनी आपल्याच वंशात लग्न करायचं, असं ठरतं. ‘‘सगळं एकदम मिळत नाही गं. पण त्या विचारायला गेल्या, म्हणून कायदा बदलला. आणि विचारताना बापाला दोष दिला नाही, काकांना शिव्या दिल्या नाहीत.’’

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. महाराष्ट्रात १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. २००५ साली हिंदू वारसा कायदाच बदलला आणि लग्न झालेली असो की नसो, मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आला. (पुढे २०२० साली सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं, की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही.) हक्कसोड पत्र एकदा नोंदवलं, की नंतर पस्तावून फारसा उपयोग नसतो. म्हणून वाचल्याशिवाय सही नको, एवढं त्यांनी बजावलं.

मी दादाला सांगितलं, सही करणार नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागू दे. तो भडकला, मग मीही भडकले. वहिनीने बाबांची सेवा वाडीसाठीच केली, असं माझ्या तोंडून गेलं. त्या वर्षी भाऊबीज झाली नाही.

पुढच्या वर्षी, २०१५ साली, गणपतीच्या दिवसांतच मावशींचा योम किप्पूर आला. हा त्यांचा क्षमेचा दिवस. रात्रंदिवस पाण्याचा थेंबही न घेता उपास. उपासाच्या आदल्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, ‘‘वर्षात काही टोचून बोलले असेन तर माफ कर हो.’’ मी ओशाळले. त्या म्हणाल्या, ‘‘देवाचं चुकलं तर देव माफ करतो. माणसाचं चुकलं तर त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. तिथे उपास कामाचा नाही.’’

दोन दिवसांनी मी माहेरच्या गणपतीला गेले, कोणी बोलावलं नसताना. स्वयंपाकघरात वहिनीपुढे उभी राहिले. ‘‘हिस्सा मागितला, त्याची माफी मागत नाही. पण तुमच्या सेवेबद्दल बोलले, ते खोटं होतं. चुकलं माझं.’’ वहिनी काही बोलली नाही. मोदकाचं सारण ढवळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पाट घ्या. जेवूनच जा.’’

दादाला आणखी वेळ लागला. २०१७ साली सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव लागलं. वाडीचं उत्पन्न तोच घेतो, मीच तसं सांगितलं. त्याने आणि वहिनीने बाबांसाठी जे केलं, त्याचा मान म्हणून. पण हे मी माझ्या हातांनी दिलं, माझ्याकडून कोणी सोडवून घेतलं नाही. या दोन्हींत किती अंतर असतं, ते बाईलाच कळतं.

माझा धर्म मावशींचा नाही. आमच्याकडे संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो आणि परवचा होतो. पण दरवर्षी त्यांचा फोन आला, की मी त्या पाच जणींची नावं एकदा म्हणते. गेल्या वेळी मावशींनी विचारलं, ‘‘यंदा काय कळलं?’’

म्हटलं, ‘‘मावशी, यंदा मला मोशे आठवला. माझ्या मुलीने काही मागितलं, तर ‘आपल्यात असं नसतं’ म्हणायच्या आधी मला थांबता यायला हवं.’’

पलीकडून हसू आलं. ‘‘शाब्बास! आता ठेवते. दिवे लावायची वेळ झाली.’’