बंद कार्डाचा उघडा ड्रायव्हर

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर लिनक्स टाकलं, की पहिल्यांदा पडदा उजळतो तो बहुधा ‘नूवो’मुळे. या मुक्त ड्रायव्हरच्या कर्त्यांच्या हाती सुरुवातीला कंपनीचे आराखडे नव्हते. कंपनीचा बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून, ताडून पाहून त्यांनी एकेक आज्ञा उलगडली. अशी चिकाटी विरळाच. २०१० मध्ये नूवो लिनक्सच्या कर्नेलमध्ये दाखल झाला. पण जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीची डिजिटल सही असलेल्या फर्मवेअरशिवाय कार्डाचा वेग वाढवता येईना. महागडं कार्ड सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राही.

बंद ड्रायव्हर वेगवान खरा, पण कर्नेल अपडेट झाला आणि त्याचं मोड्यूल नव्याने बांधलं गेलं नाही, तर समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. प्रतिस्पर्धी एएमडीने २००७ मध्येच तांत्रिक कागदपत्रं खुली करायला घेतली; तिथे ही कटकट फारशी नाही. एनव्हिडियाने कर्नेल मोड्यूलचा सोर्स कोड खुला केला तो मे २०२२ मध्ये, तोही ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरता. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडा सांभाळणारा तिच्या ड्रायव्हरचा मोठा भाग मात्र बंदच ठेवला.