स्वस्त पाना खरोखर स्वस्त पडतो का?

नांदेड-लातूरच्या गॅरेजांत नाशिकच्या टपारियाच्या पान्याशेजारी नवे नाव छापलेला स्वस्त आयात पानाही दिसतो. दोन्ही तितकेच चकचकीत. मग फरक कशात?

नटापासून 20 सेंटिमीटरवर 200 न्यूटन बल लावले, की 40 न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. हा सारा ताण नटाच्या कोपऱ्यांजवळ एकवटतो. पोलाद मऊ असेल तर पान्याचा जबडा फाकतो, नटाचे कोपरे झिजतात; शेवटी नट छिन्नीने तोडावा लागतो. पोलाद अति कठीण असेल तर पानाच तडकतो. 'क्रोम व्हॅनेडियम' असा नुसता शिक्का पुरत नाही. लोहार विळ्याला देतो तसे नेमके पाणी पान्यालाही द्यावे लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, रोजच्या मापांचे पाने चांगले घ्यावेत. क्वचित लागणारे स्वस्त चालतील. घेताना त्याच मापाच्या नव्या नटावर पाना बसवून हलवून पाहा. खुळखुळला, तर ठेवून द्या.