वारसा हृदयविकाराचा

साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरेच्या काठचे बाजारपेठेचे गाव. अशा गावातील एखादे घर डोळ्यासमोर आणावे. आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शेतात कोसळले. ‘ऊन लागले’ असे सर्वांनी मानले. थोरले काका सुरतेला कापड गिरणीत कामाला होते, ते एका रात्री ‘छातीत गॅस चढून’ गेले. आत्याला लकवा झाला. आणि आता नाशिकच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या चौतीस वर्षांच्या नातवाच्या हाती वार्षिक तपासणीचा कागद आला आहे. त्यावर एलडीएल कोलेस्टेरॉल २१४ मिलिग्रॅम असे छापले आहे. वजन ५८ किलो, मांसाहार नाही, दारू नाही. घरचे म्हणतात, यंत्रात काहीतरी बिघाड असणार.

हे घर कल्पनेतले असले, तरी त्यातील एकही तपशील खान्देशातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटणार नाही. डॉक्टरांनी ‘घरात कुणाला हृदयविकार आहे का’ असे विचारले, तर या घरातून ‘नाही’ असेच उत्तर जाईल आणि ते देणारा खोटेही बोलत नसेल. गावाकडच्या मृत्यूंची नावे वेगळी असतात. ऊन, गॅस, पित्त, धसका, ‘झोपेतच गेले, पुण्यवान माणूस’ अशा शब्दांच्या आड हृदयविकाराचे कितीतरी झटके लपलेले असतात. म्हणून प्रश्नच बदलायला हवा. कोण, कितव्या वर्षी, कसे गेले? चालता-बोलता गेले का? जाण्यापूर्वी जबडा, खांदा किंवा डावा हात दुखत होता का? वडील वा भाऊ यांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापूर्वी, आणि आई वा बहीण यांना पासष्टाव्या वर्षापूर्वी हृदयविकार झालेला असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास मानते. ऐंशीव्या वर्षी गेलेल्या आजीचा दाखला त्या मानाने फारसा उपयोगाचा नाही.

या चौकशीत एक गोष्ट हमखास निसटते. लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रीचा कौटुंबिक इतिहास सासरच्या घरात नसतो, तो माहेरी असतो. दवाखान्यात सोबत आलेला नवरा किंवा मुलगा त्यांच्या घराण्याची माहिती सांगतो; तिच्या वडिलांचे आणि भावांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. उलट दिशेनेही तीच गफलत होते. भावाची अँजिओप्लास्टी झाली की त्याच्या मुलांच्या तपासण्या होतात, पण दुसऱ्या तालुक्यात दिलेल्या बहिणीला केवळ ‘भेटून जा’ असा निरोप जातो. तिच्या रक्तातही तोच वारसा असण्याची शक्यता तितकीच असते.

हा वारसा नेमका येतो कशातून? कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्तरस यांसाठी ते लागतेच, आणि त्यातील बहुतांश शरीर स्वतःच तयार करते. रक्तातून त्याची ने-आण करणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे कण गरजेपेक्षा अधिक काळ फिरत राहिले, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत घुसून साचू लागतात. त्यांना रक्तातून उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींवर त्यासाठी ‘ग्राहक’ असतात. बंदरावर गलबते बांधून घेणारे खुंटच म्हणा ना. अमेरिकेतील डलास येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी १९७०च्या दशकात हे ग्राहक शोधून काढले आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही घराण्यांत या ग्राहकाचे जनुक सदोष असते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष प्रत आली की निम्मेच खुंट कामाचे उरतात, आणि एलडीएल जन्मापासून दुपटीच्या घरात राहते. जगात साधारणपणे दर अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. स्त्रियांना तो साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्षही अधिक होते.

दोन्ही बाजूंनी सदोष प्रत आली तर परिस्थिती फार गंभीर होते. हे क्वचित, लाखांत एखाद्याच्या बाबतीत घडते. परंतु जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे, म्हणून हा मुद्दा येथे केवळ पुस्तकी नाही. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेमागच्या शिरेवर पिवळसर गाठी येतात आणि शाळकरी वयातच झटका येऊ शकतो. टेक्सासमधील स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीचे कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे तिच्यावर हृदय आणि यकृत यांचे एकत्र प्रत्यारोपण झाले. नवे हृदय मिळाले ते झिजलेल्या हृदयाऐवजी; यकृत मात्र बदलले ते त्यावर निरोगी ग्राहक होते म्हणून. तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. ती १९९० पर्यंत जगली.

अर्थात प्रत्येक घराण्यातील हृदयविकार या एकाच जनुकातून येत नाही. अनेकदा लहानसहान परिणाम करणारी कित्येक जनुके एकत्र येतात. ‘लायपोप्रोटीन ए’ नावाचा आणखी एक कण आहे. रक्तातील त्याचे प्रमाण जवळजवळ सर्वस्वी जन्मानेच ठरते आणि पथ्याने ते फारसे हलत नाही. भारतीय उपखंडातील लोकांत ते अधिक असण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. आयुष्यात एकदा ही तपासणी केली तरी पुरते. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील रुग्णांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आल्याचे दिसले. शिवाय वारशात फक्त जनुकेच येतात असे नाही. चुलीभोवतीचे जेवण, मिठाचा हात, वडिलांच्या खिशातील विडी, आजीच्या डबीतील मशेरी हेही पिढीजातच असते. आनुवंशिक धोका अधिक असलेल्यांमध्येही धूम्रपान न करणाऱ्या, वजन ताब्यात ठेवणाऱ्या, व्यायाम व आहार सांभाळणाऱ्या लोकांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास निम्मा होता, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले.

तेव्हा नातवाच्या हातातील कागदाकडे पुन्हा वळू. एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरच नजर खिळवण्याची सवय सोडावी, एलडीएल पाहावे. प्रौढ व्यक्तीचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत यांचे विकार नाहीत ना हे पाहून आनुवंशिक दोषाचा संशय घ्यायलाच हवा. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांनुसार पहिली तपासणी अठराव्या वर्षी, आणि घरात अकाली हृदयविकार किंवा हा आनुवंशिक दोष असेल तर त्याहूनही आधी करावी. सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह वा उच्च रक्तदाबामुळे धोका अधिक असलेल्यांचे ७० च्या खाली, आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांचे ५५ च्या खाली असावे, असे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून छापलेली मर्यादा सर्वांना सारखी लागू पडत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

खाण्याचा प्रश्न निघाला की खान्देशात चर्चा शेवभाजीवर येऊन थांबते. कळण्याची भाकरी, भरीत, डाळी, पालेभाज्या हा या भागाचा मूळ आहार हृदयाला मानवणाराच आहे. भरतावर तरंगणारे तेल आणि तळलेल्या शेवेचे रोजचे खाणे या नंतर वाढलेल्या गोष्टी होत. ‘कोलेस्टेरॉलविरहित’ अशी जाहिरात करणाऱ्या शेंगदाणा वा सूर्यफूल तेलात वेगळे काही नसते; वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसते. मोजायचे ते तेलाचे एकूण प्रमाण, आणि त्यातही तूप, पामतेल, वनस्पती तूप यांतील घट्ट होणारी चरबी. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली आहे.  हे सारे पाळूनही एलडीएल २१४ वरून १०० वर येत नाही. जन्मजात दोषात पथ्य आवश्यक असते, पुरेसे नसते. हे नीट न सांगितल्यामुळे कित्येक रुग्ण सहा महिने तेल सोडतात, आकडा हलत नाही आणि मग तेलाबरोबर डॉक्टरही सोडतात.

येथे गोळीची गरज पडते. जपानमधील अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशी तपासून १९७० च्या दशकात पहिले स्टॅटिन वेगळे केले. १९८७ मध्ये या गटातील औषध अमेरिकेत बाजारात आले. ही गोळी यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. तुटवडा जाणवलेले यकृत मग अधिक ग्राहक उभे करते आणि रक्तातील एलडीएल उचलू लागते. एक जनुक शाबूत असलेल्या रुग्णात म्हणूनच तिचा चांगला उपयोग होतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तर तो फार थोडा होतो. स्टॅटिनने भागले नाही तर इझेटिमाइब जोडता येते, आणि त्यापुढे इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत. स्टॅटिनच्या सर्वसामान्य गोळ्या मात्र जनऔषधी केंद्रांत अल्प किमतीत मिळतात.

अडचण पैशापेक्षा समजुतीची अधिक आहे. ‘आकडा उतरला, आता गोळी कशाला’ असे म्हणून औषध बंद करणे, ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. आकडा उतरला तो गोळीमुळेच आणि ती थांबताच तो काही आठवड्यांत पूर्ववत होतो. दुसरी भीती अंगदुखीची. ती खरी असू शकते, आणि स्नायू फार दुखत असतील किंवा लघवीचा रंग गडद होत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. पण लंडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, तर काही महिने काहीच दिले नाही. स्टॅटिनच्या काळातील त्रासापैकी नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी मात्र ही गोळी चालू ठेवण्याविषयी आधीच सल्ला घ्यावा.

मुलांना इतक्या लवकर औषध कशाला, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. नेदरलँड्समध्ये हा आनुवंशिक दोष असलेल्या २१४ मुलामुलींना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी केवळ एक टक्क्याला हृदय वा रक्तवाहिन्यांचा झटका आला होता. त्यांच्याच बाधित आईवडिलांमध्ये, ज्यांना तरुणपणी हे औषध उपलब्ध नव्हते, त्या वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. घराणी तीच, जनुकेही तीच होती.

पिंपळनेरच्या त्या घराला आणखी एक हिशेब मांडून ठेवावा लागेल, तो अंतराचा. धुळ्याचे मोठे रुग्णालय सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर सोडा पिऊन वाट पाहण्यात जाणारा अर्धा तास तेथील रुग्णाला परवडणारा नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला मोटारसायकलवर बसवू नये आणि सर्वांत जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात आधी न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथे देता आले, तर पुढच्या प्रवासाला उसंत मिळते. घरात कोणाला हृदयविकार होता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणते औषध सोसत नाही, हे एका कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावे. त्याची एक प्रत सुरतेला आणि एक बहिणीच्या सासरी पोचती करावी.